आधी अंग तपासा, मग स्वभावाला नाव ठेवा

"कुत्रा चिडका झालाय", "रात्रभर भुंकतो", "सगळं अंगण उकरून ठेवलंय", "दोन दिवस झाले, भाकरीला तोंड लावत नाही." खान्देशात या तक्रारी बारा महिने असतात, पण होळी झाली की वाढू लागतात आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाहीत. शेजारपाजारचे लोक त्यावर दोनच उपाय सांगतात: साखळी आखूड करा, नाहीतर लांब कुठंतरी सोडून या. दोन्ही उपाय वाईट आहेत. इथल्या कुत्र्याचा स्वभाव बिघडलाय असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा त्याचं अंग बिघडलेलं असतं. ऊन, गोचीड, कानात शिरलेलं कुसळ, दुखणारा दात किंवा गळ्याला काचणारा पट्टा, यांतलं काहीतरी निघतंच. म्हणून पुढची कामं ज्या क्रमाने लिहिली आहेत त्याच क्रमाने करा. शिकवणं बरंच मागून येतं, आणि अनेक घरांत तिथवर जायची गरजच पडत नाही.

पहिलं काम: पाच मिनिटांची तपासणी

सकाळी गार वेळ पाहा. घरातल्या एकाने उकडलेल्या अंड्याचे तुकडे एकेक करून भरवायचे आणि ज्याच्यावर कुत्र्याचा जास्त विश्वास आहे त्याने हात फिरवायचा. सुरुवात खांद्यापासून करा, डोक्यावरून हात आणू नका. घाबरलेल्या कुत्र्याला वरून येणारा हात आवडत नाही.

ओठ वर करून हिरड्या बघा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओली असते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात, त्यांची पापणी खाली ओढून आतला रंग पाहावा. पांढरट, पिवळट किंवा वीटकरी लाल रंग दिसला तर पुढची तपासणी सोडा आणि दवाखाना गाठा.

मग कान. आत काळपट मळ, आंबूस वास किंवा कुत्र्याने सारखं डोकं झटकणं ही कान दुखण्याची खूण आहे. पावसाळा सरताना बांधावरच्या गवताची कुसळं कानात आणि पंजाच्या बेचक्यात शिरतात. कुसळाचं टोक पुढेच सरकत जातं, मागे येत नाही. वर दिसत असेल तर चिमट्याने काढा, आत गेलं असेल तर काडी घालून शोधू नका. पंजे उलटे करून गोखरू आणि भेगा बघा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. लहानपणी बांधलेला पट्टा कुत्रा मोठा झाल्यावरही तसाच राहतो आणि मान कापत जातो. केसांमुळे ते बाहेरून दिसत नाही.

शेवटी ताप. औषधाच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला खोबरेल तेल लावून गुदद्वारात साधारण एक इंच सरकवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. माणसाच्या हिशेबाने हा ताप वाटतो, कुत्र्याच्या हिशेबाने नाही. नाक ओलं की कोरडं यावरून ताप ठरवायची पद्धत सोडून द्या. वापरून झालेला थर्मामीटर कुत्र्यासाठीच वेगळा ठेवा, हे सांगायची गरज नसावी.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. अंग तापलंय म्हणून घरातली क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही दोन्ही औषधं कुत्र्याचं यकृत, जठर आणि मूत्रपिंड खराब करतात. अर्धी गोळी, पाव गोळी हा हिशेबही नको.

दुसरं काम: उन्हाची व्यवस्था

जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, धुळ्यात फार वेगळी स्थिती नसते. माणूस अंगभर घामेजतो, कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या गादीतून आणि तोही नावापुरता येतो. बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. हवाच शरीराइतकी किंवा त्याहून जास्त तापली की धापा टाकूनही अंग निवत नाही. अशा दुपारी कुत्रा गुरगुरतो, खात नाही, सावली शोधत जमीन उकरतो. उकरण्याला आपण खोडी म्हणतो. तो खालची गार माती शोधत असतो. लिंबाखाली एक कोपरा त्याला देऊन टाका, दुपारी दोन तांबे पाणी तिथे शिंपडा. बाकीचं अंगण आपोआप वाचतं.

व्यवस्था अशी करावी. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक घराजवळ आणि एक त्याच्या बसायच्या जागी. पसरट मातीचं भांडं सर्वांत चांगलं, कारण स्टीलचं भांडं उन्हात आलं की पाणी पिण्याजोगं राहत नाही. वीस किलोच्या कुत्र्याला एरवी एक-सव्वा लिटर पाणी पुरतं, वैशाखात ते दुप्पट धरा. जेवण सकाळी सात वाजायच्या आत आणि रात्री आठनंतर द्या. दुपारी तो जेवला नाही तर काळजी नको. पत्र्याच्या शेडखाली बांधू नका. पत्र्याची सावली दिसते सावलीसारखी, पण वरून भट्टीच असते. पर्यायच नसेल तर पत्र्यावर कडबा किंवा उसाचं पाचट टाका आणि बाजू उघड्या ठेवा.

फिरायला नेण्याची वेळ डांबरावरून ठरवा. हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवून सात सेकंद ठेवता आली तर कुत्र्याला न्या. मेहरूण तलावाकाठी किंवा पांझरेच्या काठाने पहाटे फिरणारे लोक बरोबर करतात. संध्याकाळी सहा वाजता निघणारे चुकतात, कारण उन्हं कलली तरी डांबर तापलेलंच असतं. रात्री साडेनऊला निघा.

कूलरबद्दल दोन शब्द. खान्देशात कूलर नाही असं घर सापडणं कठीण, आणि कुत्रा कूलरसमोरच पसरतो. लोखंडी बॉडीच्या कूलरला अर्थिंग नसेल तर ओल्या फरशीवर बसलेल्या कुत्र्याला झटका बसतो. टाकीचं पाणी चाटताना तर हमखास. हंगाम सुरू होतानाच वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. घरातल्या रांगत्या पोराचाही जीव त्यात असतो.

ऊन लागलं हे कसं ओळखायचं? धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, चालताना झोकांड्या जातात, उलटी किंवा पातळ शौच होते, पुढे कुत्रा पडतो. तापमान १०५ च्या वर गेलेलं असतं. अशा वेळी दवाखान्यात नेण्याआधी गार करा:

१. सावलीत, वारा खेळता असेल तिथे आडवा करा. पट्टा काढा.
२. नळाचं किंवा माठातलं पाणी पोट, जांघा, काखा, पंजे आणि मानेवर सतत ओतत राहा. पंखा लावा.
३. ओलं बारदान अंगावर पांघरून ठेवू नका. ते थोड्या वेळात गरम होतं आणि उष्णता आत कोंडतं. पाणी वाहतं हवं.
४. शुद्धीवर असेल तर पाणी समोर ठेवा. तोंडात ओतू नका, फुप्फुसात जातं. कांदा हुंगवणं, तोंडात साखर-मीठ कोंबणं हे सगळं टाळा.
५. दर काही मिनिटांनी ताप मोजा. १०३.५ ला आलं की पाणी थांबवा, नाहीतर अंग नको तितकं थंड पडतं.
६. लगेच दवाखान्यात न्या. उठून बसला, शेपूट हलवली, तरी न्या. मूत्रपिंडाला आणि रक्त गोठण्याच्या क्रियेला झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते.

जाता जाता एक मत सांगतो, कुणाला राग आला तरी चालेल. सायबेरियन हस्की आणि सेंट बर्नार्ड जळगावात आणू नयेत. पग आणि बुलडॉगसारखे चपट्या नाकाचे कुत्रेही नाहीत. नाक चपटं असलं की धापा टाकायची सोयच अर्धी होते. एसीत ठेवू म्हणतात, आणि भारनियमन सुरू झालं की तोच कुत्रा बाथरूमच्या फरशीवर पडून राहतो. इथल्या गावठी कुत्र्याचा आखूड केसांचा, लांब नाकाचा, सडपातळ बांधा याच हवेत घडलेला आहे.

तिसरं काम: गोचीड, कुत्र्यावरचा आणि भिंतीतला

गोचीड निघेना ही घरोघरची रड. कारण साधं आहे. आपण कुत्र्यावर औषध मारतो, आणि बहुतांश गोचीड कुत्र्यावर नसतोच. कुत्र्याला लागणारा तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली पडतो, भिंतीवर चढतो, फटीत शिरतो. तिथे एकेक मादी हजारोंनी अंडी घालते. उपाशीपोटी तो कित्येक महिने काढू शकतो. धाब्याच्या मातीच्या घरांत आणि बिनगिलाव्याच्या विटांच्या भिंतींत त्याला जागाच जागा असते. म्हणून कुत्रा आणि घर दोन्ही एकाच दिवशी करावं लागतं.

कुत्र्यासाठी: डॉक्टरकडे वजन करून त्या वजनाची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध आणा. फ्लुरालॅनरसारखी गोळी सुमारे तीन महिने चालते, अफॉक्सोलॅनरची एक महिना. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर आधी सांगा, या गटातली औषधं त्याला चालत नाहीत. दिसणारे मोठे गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटांनी फोडू नका, काडी पेटवून जाळू नका.

घरासाठी: त्याची गोणी किंवा गोधडी उकळत्या पाण्यात टाका, जुनी असेल तर जाळा. भिंतीच्या फटी सिमेंटने किंवा चिखलाने बुजवा, वर चुना मारा. बाजा उन्हात उलट्या करून झटका. जागा रोज झाडा आणि केर अंगणाच्या कोपऱ्यात न टाकता जाळून टाका. हेच दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा, कारण पहिल्या खेपेची अंडी तोवर फुटतात. तीन महिने नेटाने केलं तर गोचीड आटोक्यात येतो. एकदाच केलं तर पैसे वाया.

आता काय करू नये. कापसाचा पट्टा आहे, घरात फवारणीची बाटली असतेच. ती पाण्यात मिसळून कुत्र्यावर मारणारे लोक आहेत. कुत्रा अंग चाटतो आणि तासाभरात लाळ गळू लागते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरतं. हे विष आहे. असं झालंच तर साबणाच्या पाण्याने अंग धुवा, हातात मोजे घाला, बाटली बरोबर घेऊन डॉक्टरकडे पळा, कारण औषधाच्या नावावरून उतारा ठरतो. ढोरांच्या गोचिडाचं औषधही अंदाजाने वापरू नका. म्हशीचं माप कुत्र्याला लागू होत नाही. खरजेला गाडीचं काळं ऑइल चोपडायची रीतही तशीच घातक आहे. ऑइल कातडीतून मुरतं आणि चाटून पोटात जातं. खरजेचे प्रकार दोन-तीन आहेत, डॉक्टर कातडी थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो आणि औषध देतो. ते महागही पडत नाही.

गोचीड झालेला कुत्रा मलूल पडला, ताप आला, हिरड्या पांढऱ्या झाल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी तांबूस झाली तर तो गोचीड ताप समजा. रक्त तपासून औषध मिळतं. एका प्रकारात गोळ्या साधारण चार आठवडे द्याव्या लागतात. चार दिवसांत कुत्रा उड्या मारू लागतो म्हणून लोक गोळ्या बंद करतात, आणि आजार परत येतो.

पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात, त्यावर फिनाइल किंवा रॉकेल ओतू नका. केस कापून, मिठाच्या पाण्याने धुऊन सरळ दवाखान्यात न्या.

चौथं काम: ताट

हे थोडक्यात. शेवभाजीचा रस्सा, काळ्या मसाल्याचं मटण आणि भरताचं उरलेलं वाटण कुत्र्यासाठी नाही. तिखट तर आहेच, पण त्याहून वाईट कांदा आणि लसूण. दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. मनुका-द्राक्षं आणि चॉकलेट अजिबात नको. शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात आणि आतडं फाडतात. भाकरी चालते, पण नुसती भाकरी-दूध हे जेवण नव्हे. मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचत नाही आणि पोट बिघडतं. भाकरी किंवा भात, त्यात बिनमसाल्याची शिजवलेली कोंबडी किंवा अंडं, थोडा भोपळा किंवा गाजर, हे पुरेसं. शाकाहारी घरात अंडं चालत नसेल तर तयार खाद्य घ्या. रावेर-यावलकडे कुत्रे केळी खाताना दिसतात. एखादं केळ खुशाल द्या.

पिल्लाला जंताचं औषध दोन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरवड्याला, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला आणि नंतर तीन महिन्यांनी द्यावं. पार्व्हो-डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, रेबीजची पहिली लस तीन महिन्यांना आणि मग दरवर्षी. पिल्लाला उलट्या आणि रक्ताची, घाण वासाची शौच सुरू झाली तर सकाळची वाट पाहू नका. तो पार्व्हो असू शकतो, आणि त्यात पाणी कमी होऊन पिल्लू एका रात्रीत जातं.

पाचवं काम: साखळी आणि दिवसभराचं काम

साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांचे कुत्रे बघा. मेंढरांबरोबर दिवसभर चालतात, रात्री वाड्याची राखण करतात, आणि पाहुण्याला मालकाने एक हाक दिली की गप्प बसतात. त्यांना कुणी क्लास लावलेला नसतो. त्यांना काम असतं. शहरातल्या गेटला चोवीस तास बांधलेल्या कुत्र्याला येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकणं एवढंच काम उरतं, आणि तो ते मन लावून करतो.

आखूड किंवा जड साखळीने जनावराला अवाजवी काळ बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. मळ्यात बांधणं टळत नसेल तर दोन खांबांमध्ये किंवा झाडांमध्ये पंधरा-वीस फूट तार ताणा, तिच्यात कडी घाला आणि साखळी कडीला अडकवा. कुत्रा या टोकाहून त्या टोकाला जाऊ शकतो. दोन्ही टोकांना सावली हवी आणि साखळी खांबाला गुंडाळली जाता कामा नये. सातपुड्याच्या पायथ्याला आणि चाळीसगावकडे बिबट्याचा वावर आहे, तिथे रात्री कुत्रा बाहेर बांधलाच नाही पाहिजे. बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. त्याला गोठ्यात दार लावून घ्या.

घरातल्या कुत्र्याला सकाळी अर्धा तास हुंगत हुंगत फिरू द्या. ओढत नेऊ नका, हुंगण्यानेच तो थकतो. भाकरीचे तुकडे अंगणात, कुंड्यांमागे लपवून शोधायला लावा. दुपारी ऊन आहे तर जुन्या कापडात खाऊ गुंडाळून द्या. आठवडाभरात भुंकणं कमी झालेलं जाणवेल.

सहावं काम: आता शिकवा

सगळ्या घराने एकच शब्द वापरायचा, हा पहिला नियम. आजी "खाली" म्हणते, नातू "डाऊन" म्हणतो, बाबा नुसतेच "ए" म्हणतात, तर कुत्रा कुणाचंच ऐकत नाही. हवं ते केलं की एक-दोन सेकंदांत खाऊ आणि शाबासकी. उशिरा दिलेली शाबासकी कशाची होती ते त्याला कळत नाही. शिक्षेचंही तसंच. सकाळी केलेल्या घाणीबद्दल संध्याकाळी मारलं तर तो फक्त तुम्हाला घाबरायला शिकतो.

पिल्लू चावतं ते बहुधा दात येत असताना, सहा महिन्यांपर्यंत. हात ओढून घेऊ नका, त्याला तो खेळ वाटतो. हात सैल सोडा, खेळ थांबवा, उठून जा. परत आल्यावर ओला करून फ्रीजरमध्ये ठेवलेला जाड कापडाचा पीळ चावायला द्या. आईपासून फार लवकर तोडलेली पिल्लं जास्त चावतात, कारण किती जोराने चावायचं हे भावंडांत खेळताना कळतं. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. विकणारा "दूध सोडलंय" म्हणाला तरी घेऊ नका.

घरात लघवी करत असेल तर झोपून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी त्याला एकाच जागी न्या आणि तिथे केलं की लगेच खाऊ द्या. घरातली जागा साबणाने धुऊन वरून पाणी मिसळलेलं व्हिनेगर फिरवा, वास राहिला तर तो पुन्हा तिथेच जातो. नाक घासणं बंद.

ताटाजवळ गेल्यावर गुरगुरत असेल तर ताट हिसकावून "मालक कोण" दाखवू नका. जाता जाता लांबून ताटात अंड्याचा तुकडा टाका आणि पुढे चालू लागा. हळूहळू अंतर कमी करा. तुमचं येणं म्हणजे ताटात भर, हे त्याला पटलं की गुरगुर थांबते. गुरगुरल्याबद्दल मात्र कधीही मारू नका. मारून गुरगुर बंद पडते, चावणं बंद पडत नाही, आणि पुढच्या वेळी इशारा न देता चावा बसतो. लहान मुलांना जेवत्या किंवा झोपलेल्या कुत्र्यापासून आणि पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीपासून लांब ठेवा.

आखाजीच्या सुमाराची लग्नसराई, डीजे आणि दिवाळीचे फटाके हा वेगळा विषय. त्या दिवशी लवकर फिरवून आणा, आतल्या खोलीत दारं-खिडक्या लावून कूलर किंवा पंखा मोठा ठेवा, गळ्यातला पट्टा आणि त्यावरचा फोन नंबर तपासा. कुत्रा जवळ येऊन बसला तर बसू द्या. जवळ घेतल्याने भित्रेपणा वाढतो हा समज खोटा आहे. दरवर्षी फार हाल होत असतील तर आठ दिवस आधी डॉक्टरला भेटा, आजोबांची झोपेची गोळी देऊ नका.

गल्लीतले कुत्रे

भाद्रपदात गावठी कुत्रे माजावर येतात हे गावात सगळ्यांना माहीत असतं. गर्भ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिल्लं. त्या दिवसांत एरवी गरीब असलेली कुत्रीही अंगावर येते, कारण तुम्ही तिच्या पिल्लांजवळून जात असता. महिनाभर वाट थोडी बदला.

मोटारसायकलमागे धावणाऱ्या कुत्र्याला लाथ मारायला जाऊ नका, तोल जातो. वेग वाढवू नका, हळू करा, गरज पडली तर थांबा. पळणारं चाक थांबलं की बहुतेकदा पाठलागही थांबतो. पायी असाल तर धावू नका, डोळ्याला डोळा लावू नका, हातातली पिशवी किंवा बॅग दोघांच्या मध्ये धरा आणि सावकाश बाजूला व्हा.

कायमचा उपाय नसबंदी आणि लस. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार हे काम स्थानिक स्वराज्य संस्थेचं आहे, म्हणून अर्ज महानगरपालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत द्यायचा आणि पोच घ्यायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण केलेले कुत्रे पकडले त्याच भागात परत सोडले जातात, पिसाळलेले आणि आक्रमक सोडून. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं आणि क्रीडासंकुलं यांच्या आवारातले कुत्रे तिथे परत सोडू नयेत असं म्हटलं आहे. खायला घालायचं तर गल्लीने मिळून ठरवलेल्या एका जागी, ठरलेल्या वेळी घाला, शाळेच्या दारात आणि जिन्याखाली नको. तुम्ही ज्यांना घालता त्यांना पकडून नसबंदीला द्यायला तुमच्याइतकं सोयीचं कुणी नाही.

चावलं तर

रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही असंच समजायचं. लक्षणांच्या आधी तो जवळजवळ पूर्ण टाळता येतो. म्हणून इथे क्रम चुकवू नका.

जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावा, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्याहून बरीच लांब असतात. मिरचीपूड, हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. पट्टी घट्ट बांधू नका, टाके शक्यतो लगेच घालू देऊ नका. वरून पोव्हिडोन-आयोडीन लावा.

त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय जवळ असेल तर आधी तिथे. रक्त आलेली जखम किंवा तोंड, मान, हात यांवरचा चावा असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही टोचावं लागतं. त्यासाठी गरज पडल्यास जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. लस कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दंडाच्या स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी घ्यायची. पोटातली चौदा इंजेक्शनं भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली, तरी त्यांच्या भीतीने लोक अजून दवाखाना टाळतात.

चावलेला कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवा. पण ही नजर लस सुरू केल्यानंतर ठेवायची, लस टाळण्यासाठी नाही. पिसाळलेला कुत्रा दर वेळी धावून चावत सुटतो असं नाही. काही कुत्रे गप्प होतात, कोपऱ्यात बसतात, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. घशात हाड अडकलंय असं वाटून माणूस तोंडात हात घालतो. असा हात कधीही घालू नका. त्याला कोंडून पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, १९६२ हा पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक आहे. पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ ओरखड्याला लागली किंवा डोळ्यात-तोंडात उडाली तरी ती चाव्याइतकीच धोक्याची समजा आणि लस घ्या.

लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे. पाचवा दिवस उजाडला असेल, पंधरावा असेल, तरी आजच जा. उशीर झाला म्हणून लस नाकारता येत नाही.